कळ्ळ आला, पण कळलं काय?

“कळ्ळ! कळ्ळ बंदिद्द!”

पहाटे साडेपाचला सासूबाईंचा हा आवाज कानावर आला तेव्हा मी अर्धवट झोपेत होतो. मराठी कानाला जे ऐकू यायचं तेच आलं. मी पांघरुणातूनच म्हणालो, “कळलं, कळलं. उठतो.” मला वाटलं, दूधवाला आलाय आणि पातेलं घेऊन जायचंय. दुसऱ्याच क्षणाला आमच्या हिनं पांघरूण ओढलं. “कळलं काय कळलं? चोर येऊन गेलाय. गाडीची काच फुटलीया!”

पस्तीस वर्षं कन्नड घरचा जावई असूनही झोपेत मी मराठीच असतो, हे त्या पहाटे सिद्ध झालं.

ही गोष्ट २०२४ च्या डिसेंबरातली, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आदल्या रात्रीची. धारवाडला हिच्या नात्यात लग्न होतं. रात्री साडेअकराला आम्ही शहापूरला घरी पोचलो. आमचं घर जुनं, गल्ली अरुंद. गाडी आत घ्यायला जागा नाही, त्यामुळं ती दारापुढंच असते. सात वर्षांची आमची ती लहान गाडी. थंडी मरणाची, डोळ्यांवर झोप. अव्वांना, म्हणजे सासूबाईंना, हाताला धरून आत नेलं आणि मागच्या सीटवरची पिशवी तशीच राहिली. सकाळी काढू म्हणून नव्हे. विसरलोच.

पहाटे अव्वा सडा घालायला दारात गेल्या तेव्हा मागच्या दाराची काच रस्त्यावर पसरलेली. बॉनेट अर्धवट उघडं, आतली बॅटरी गायब. डॅशबोर्ड फोडून म्युझिक सिस्टीम उपसून नेलेली. आणि पिशवी नाही. पिशवीत धारवाडी पेढ्यांचा खोका होता, लग्नातल्या ओटीचं सामान होतं, अव्वांचं एक इरकली लुगडं होतं आणि हिची पर्स होती. पर्समध्ये गाडीची दुसरी किल्ली होती.

पहिला अर्धा तास आम्ही काय केलं असेल? भांडलो. पिशवी आणायची कुणाची, हा विषय. “मी अव्वाला धरलं होतं,” असं ती म्हणाली. “मी गाडी लावत होतो,” असं मी म्हणालो. शेवटी अव्वाच म्हणाल्या, “चहा घ्या आणि मग भांडा की.” सीमाभागातल्या आमच्यासारख्या घरांचं एक बरं असतं. पॉलिसी इंग्रजीत, फिर्याद कन्नडमध्ये आणि भांडण मराठीत. प्रत्येक कामाला भाषा ठरलेली.

चहा घेता घेता मी एक फोन केला. हिच्या मावसभावाचा मुलगा विम्याचा एजंट आहे. गाडीची पॉलिसी त्याच्याकडूनच घेतलेली. त्यानं विचारलं, “मामा, कुणावर संशय हाय काय?” मी सहज बोलून गेलो, “संशय कसला? पण रोज गाडी धुणारा पोरगा आज दिसला नाही बघ.”

एवढंच. या एका वाक्याचं पुढं काय झालं ते नंतर सांगतो. आधी हिशेब सांगतो, कारण मी जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलेला माणूस आहे आणि या प्रकरणात मला सगळ्यात आधी हिशेबच सुचला.

विम्याच्या कागदावर ‘नो क्लेम बोनस’ असा एक शब्द असतो. आपण दरवर्षी हप्ता भरतो, पण त्याचे दोन भाग असतात हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. एक भाग दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा. त्याचा दर सरकार ठरवतं. २०२२ साली ठरलेल्या दराप्रमाणे आमच्यासारख्या हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीला तो ३,४१६ रुपये होता. या भागावर कसलीच सूट नसते. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्याला ‘ओन डॅमेज’ म्हणतात. वर्षभर आपण काही मागितलं नाही तर पुढच्या वर्षी या दुसऱ्या भागावर सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. पन्नासच्या वर जात नाही. आम्ही सात वर्षांत एकदाही दावा केला नव्हता. म्हणजे आमची सूट पुरी पन्नास टक्के.

पण एकदा दावा केला आणि कंपनीनं पैसे दिले, की पुढच्या नूतनीकरणाला ही सूट शून्यावर येते. एकदम शून्य. आणि मग पुन्हा २०, २५ असं चढत जायचं.

आता गणित मांडू. आमच्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता सूट वजा न करता सुमारे ६,००० रुपये. पन्नास टक्के सुटीनं आम्ही ३,००० भरतो. दावा केला तर पहिल्या वर्षी पुरे ६,००० भरायचे, म्हणजे ३,००० जादा. दुसऱ्या वर्षी सूट २० टक्के, म्हणजे आमच्या पन्नासपेक्षा तीस टक्के कमी, १,८०० जादा. तिसऱ्या वर्षी १,५००, चौथ्या वर्षी ९००, पाचव्या वर्षी ३००. सहाव्या वर्षी पुन्हा पन्नासवर. या सगळ्यांची बेरीज ७,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १,३५०. एकूण ८,८५०.

पन्नास टक्क्यांवर असलेल्या कुठल्याही माणसाला ही बेरीज लागू पडते. सूट न धरता जो हप्ता, त्याच्या सव्वापट नुकसान. गाडी जुनी होत जाते तसा हप्ता थोडा उतरतो, त्यामुळं आकडा काहीसा कमी होईल, पण अंदाजाला सव्वापट पुरे.

आता दुसरी बाजू. चोरीत आमचं नुकसान किती आणि त्यातलं विम्यातून मिळणार किती?

काच बसवायला २,२०० रुपये. काचेवर घसारा कापत नाहीत, म्हणून पुरे २,२००. डॅशबोर्डचा फुटलेला भाग ४,८०० रुपये. तो प्लास्टिकचा. प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांच्यावर निम्मा घसारा कापतात, म्हणजे मिळणार २,४००. बॅटरी ४,६०० ची, मिळणार २,३००. बेरीज ६,९००. त्यातून सक्तीची वजावट १,००० रुपये. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला ती हजार असते, त्यावरच्या गाडीला दोन हजार. हाती राहिले ५,९००.

आणि म्युझिक सिस्टीम? ती १४,००० रुपयांची. पण ती गाडीबरोबर आलेली नव्हती. २०२१ साली मी बाहेरून बसवून घेतली होती. अशी जादा बसवलेली वस्तू विम्यात यायची तर पॉलिसी घेताना तिची किंमत कळवावी लागते आणि किमतीच्या चार टक्के जादा हप्ता भरावा लागतो. म्हणजे वर्षाला ५६० रुपये आणि वर कर. ते मी कधी भरले नव्हते. सिस्टीमचे शून्य. लुगडं, पर्स, पेढे यांचेही शून्य. साधी मोटार पॉलिसी गाडीची असते, गाडीत ठेवलेल्या सामानाची नसते. किल्ली गेल्यामुळं सगळी कुलुपं बदलायला ९,५०० रुपये. त्यासाठी किल्लीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, तेही आमच्याकडं नव्हतं. शून्य.

म्हणजे खर्च ३५,१०० रुपयांचा, दाव्यातून मिळणार ५,९०० आणि त्यापायी पाच वर्षांत जाणार ८,८५०. दावा केला तर २,९५० रुपयांचा तोटा. चौथीतल्या पोराला घातलं तरी उत्तर एकच येईल.

तुमच्या पॉलिसीत घसारा न कापण्याचं किंवा बोनस राखण्याचं जादा कलम असेल तर उत्तर बदलेल. म्हणून माझे आकडे घेऊ नका, रीत घ्या. आणि निर्णय होईपर्यंत गाडीला हात लावू नका. दुरुस्ती आधी केली तर सर्व्हेअर बघणार काय? फोटो काढा, काचा तशाच राहू द्या आणि एक-दोन दिवसांत काय ते ठरवा. “सावकाश बघू” हे विम्यात चालत नाही.

हा हिशेब मी एजंटाला सांगितला. तो हसला. “मामा, एवढं गणित कशाला? मागचा बंपर गेल्या पावसाळ्यात गेटला घासून फुटलाय न्हवं? आणि डावं दार चेपलंय. तेबी ह्यातच घालूया. चोरानं गाडी ढकलताना लागलं म्हणून लिहितो. पंचवीस-तीस हजाराचं इस्टिमेट होतंय. मग क्लेम परवडतोय की. समदे असंच करतात.”

खोटं कशाला बोलू? मला ते पटलं. सात वर्षं हप्ते भरले, एक रुपया घेतला नाही. चोरानं पस्तीस हजाराला बुडवलं. कुठून तरी थोडं भरून निघालं तर बिघडलं काय, असं मनात आलं. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही.

थोड्या वेळानं ओळखीचा मेस्त्री गाडी बघायला आला. “बंपर बी आजच फुटला काय सर?” त्यानं विचारलं. मी नकळत बंपरच्या पुढं जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “ते बघू नंतर.” अव्वा कट्ट्यावर बसून लसूण सोलत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, “कुंबळकाई कळ्ळ अंद्र हेगल मुट्टि नोडकोंडनंत.”

ज्यांच्या घरी कन्नड आहे त्यांना सांगायला नको. ज्यांच्या घरी नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुणीतरी नुसतं ‘भोपळाचोर’ म्हटलं आणि ज्यानं भोपळा चोरला होता त्यानं आपला खांदा चाचपून पाहिला. आपल्याकडं चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच. मेस्त्री हसला. मी बंपरपासून बाजूला झालो. एजंटाला फोन करून सांगितलं, “बंपर घालायचा नाही. दावाच करायचा नाही.”

इथं प्रकरण संपलं असं मला वाटलं. दावा नाही, मग पोलिसांत तरी कशाला जायचं? अधिवेशनाचे दिवस, सुवर्ण विधानसौधला सगळा बंदोबस्त. आपल्या काचेसाठी तिथं कुणाला वेळ आहे?

आमची ही म्हणाली, “आणि किल्ली?”

मी गप्प. गणिताच्या मास्तराला ते सुचलं नव्हतं. काच, बॅटरी, सिस्टीम ही गेलेली चोरी होती. किल्ली ही पुढं होऊ शकणारी चोरी होती. किल्ली घेतलेल्या माणसाला गाडी कुठं उभी असते ते ठाऊक. उद्या पुरी गाडीच गेली तर विमा कंपनी पहिल्यांदा मागते त्या दोन किल्ल्या. “दुसरी किल्ली कुठाय?” “गेल्या महिन्यात चोरीला गेली.” “तक्रार?” “केली नाही.” “आम्हाला कळवलंत?” “नाही.” “कुलूप बदललं?” “नाही.” यानंतर गाडीच्या किमतीचा दावा कुठला मिळायला? पाच हजाराच्या दाव्याचं गणित करताना तीन लाखाचा दावा मी उघड्यावर टाकत होतो.

तेव्हा हे ध्यानात ठेवा. दावा करायचा की नाही हा एक प्रश्न, आणि चोरीची नोंद करायची की नाही हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तरी दुसऱ्याचं ‘होय’च असतं. विशेषतः किल्ली, आरसी किंवा दुसरी कागदपत्रं गेली असतील तेव्हा.

दुपारी आम्ही दोघं ठाण्यात गेलो. कन्नडमध्ये तक्रारीला ‘दूरु’ म्हणतात. मराठी कानाला ते ‘दूर’ ऐकू येतं, आणि आपण खरंच तिच्यापासून दूर पळतो. हिनं कन्नडमध्ये अर्ज लिहिला. कधी आलो, गाडी कुठं लावली, काय काय गेलं, किल्ली कशी गेली, सगळं. बसावं लागलं खरं, पण माणसं नीट बोलली. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी शेवटी विचारलं, “यार म्याल संशय ऐतेन्री?”

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, “यार म्यालू इल्ल्री.” कुणावरही नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “तो पोरगा आज आला नाही, ते सांगायला हवं होतं का?” ती रस्त्यातच थांबली. “आज हुन्निमे. तो आईला घेऊन सौंदत्तीला यल्लम्माला गेलाय. चार दिवसांपूर्वी मला सांगून, पन्नास रुपये मागून गेलाय. आला नाही म्हणून चोर झाला काय?”

मला सकाळचा फोन आठवला. माझ्या पोटात गोळा आला.

एजंटानं वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. गल्लीच्या कोपऱ्यावर चहा घेताना त्यानं दोघांना सांगितलं, “गाडी धुणारा पोरगा आज गायब हाय म्हणे.” दोघांनी चौघांना सांगितलं. आम्ही ठाण्यातून परत येईपर्यंत चोर कोण ते गल्लीत ठरून गेलं होतं. फिर्यादीत नाव नव्हतं, गल्लीत होतं. शेजारच्या बाई मला मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, “सर, बरं झालं वेळेत ओळखलासा. मी तर त्याला उद्यापासून नको म्हणून सांगणार.”

तो पोरगा सतरा-अठरा वर्षांचा. आई धुणीभांडी करते. हा सकाळी सात गाड्या धुतो आणि मग कॉलेजला जातो. आमची ही त्याला ‘तम्मा’ म्हणते. चार वर्षांत आमच्या गाडीतली सुटी नाणीसुद्धा त्यानं कधी हलवली नाहीत. एकदा सीटखाली हिचं कानातलं सापडलं ते त्यानं कागदात गुंडाळून आणून दिलं होतं.

सोमवारी सकाळी तो आला. कपाळाला भंडारा. अव्वांच्या हातावर प्रसाद ठेवून त्यानं गाडीकडं पाहिलं. “काय झालं सर?” विचारलं. काचांचे बारीक तुकडे सीटच्या शिवणीत अडकले होते ते कुंच्यानं काढायला लागला. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. तासाभरानं तो परत दारात आला. चेहरा उतरलेला. सातांपैकी दोन घरांनी त्याला नको म्हणून सांगितलं होतं. आम्हाला काही विचारलं नाही त्यानं. एवढंच म्हणाला, “सर, मी सौंदत्तीला होतो. बसचं तिकीट हाय माझ्याजवळ.” आणि खिशातून चुरगळलेलं तिकीट काढून दाखवायला लागला.

वाचकहो, पस्तीस हजाराच्या नुकसानीनं मला जेवढं लागलं नव्हतं तेवढं त्या तिकिटानं लागलं. चार वर्षं ज्यानं विश्वास एकेक पायरीनं चढवत आणला, त्याची सूट माझ्या एका वाक्यानं शून्यावर आली. गाडीच्या बोनसाला पाच वर्षांत पुन्हा पन्नास टक्के मिळतात. गरिबाच्या पोराला ते मिळायला किती वर्षं लागत असतील?

मी त्याला म्हटलं, “तिकीट ठेव खिशात. ते मला दाखवायचं नाहीस. चूक माझी आहे.” चप्पल घातली. ही बरोबर आली. त्या दोन्ही घरी जाऊन मी सांगितलं की तो पोरगा चार दिवस आधी सांगून गेला होता, संशयाची गोष्ट माझ्याच तोंडून निघाली आणि ती चुकीची होती. एका घरानं लगेच त्याला परत बोलावलं. दुसऱ्या घरी “बरं बघू” म्हणाले आणि बोलावलं नाही. ते काम त्याचं गेलं ते गेलंच. एजंटालाही घरी बोलावून सांगितलं. तो ओशाळला. “मामा, मी सहज बोललो,” म्हणाला. मीही सहजच बोललो होतो.

आता उरलेलं कामाचं सांगतो, म्हणजे तुमच्यावर वेळ आली तर धावपळ नको.

आम्ही फिर्यादीची प्रत घेतली. ती फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते, तसा कायदाच आहे. १ जुलै २०२४ पासून जो नवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचा कायदा आला त्याच्या कलम १७३ मध्ये ते आहे, जुन्या कायद्यातही होतं. ती प्रत जोडून विमा कंपनीला पत्र आणि ईमेल पाठवला. त्यात स्पष्ट लिहिलं की अमुक तारखेला गाडीची दुसरी किल्ली चोरीला गेली, पोलिसांत नोंद केली आहे, कुलुपं बदलत आहोत, हे माहितीसाठी कळवत आहोत, नुकसानभरपाई मागत नाही. मग कुलूपसंच बदलला आणि पावती पॉलिसीबरोबर फाईलला लावली. मधले चार दिवस गाडी मेहुण्याच्या कंपाउंडात ठेवली.

पुरी गाडीच गेली तर मात्र बोनसचा विचार करत बसू नका. तिथं दावा करायचाच. ११२ ला फोन, लगेच फिर्याद, त्याच दिवशी विमा कंपनीला खबर, आरटीओला अर्ज, दोन्ही किल्ल्या जपून. गाडी सापडली नाही तर पोलीस कोर्टात तसा अहवाल देतात. आपल्या कर्नाटकात त्याला ‘सी रिपोर्ट’ म्हणतात. तो आल्याशिवाय सहसा पैसे सुटत नाहीत, त्यामुळं महिने जातात. कर्जाची गाडी असेल तर पैसे आधी बँकेकडं वळतात. मिळणारी रक्कम म्हणजे पॉलिसीवर छापलेली ‘आयडीव्ही’. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून ती कमी लावून घेऊ नका.

एखाद्याला फिर्याद वेळेत देऊनही कंपनीला कळवायला उशीर झाला, तर तेवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २४ जानेवारी २०२० रोजी दिला आहे. पण त्या भरवशावर उशीर करू नका. ते न्यायालयापर्यंत गेले तेव्हा त्यांना मिळालं. आपल्याला तिथवर जायला लागू नये. दावा विनाकारण अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी जा, महिनाभरात समाधान झालं नाही तर बेंगळुरूला विमा लोकपाल आहेत. तिथं फी नाही, वकील लागत नाही.

आमची चोरी उघडकीला आली नाही. काच आली, बॅटरी आली, डॅशबोर्ड आला. म्युझिक सिस्टीम मी पुन्हा बसवली नाही. बंपर अजून तसाच फुटका आहे आणि मेस्त्री आला की मी त्याच्यापुढं उभा राहत नाही.

महिन्याभरानं एकदा जेवताना अव्वा म्हणाल्या, “त्या पिशवीत माझं लुगडं होतं न्हवं, टोप-तेनी पदराचं. तुमच्या सासऱ्यांनी इलकलहून आणलेलं.” चाळीस वर्षांचं लुगडं. इतके दिवस त्या काही बोलल्या नव्हत्या, कारण आम्ही दोघं आकड्यांत बुडालो होतो. माझ्या हिशेबाच्या कागदावर त्या लुगड्यापुढं मी शून्य लिहून मोकळा झालो होतो. मी म्हटलं, “अव्वा, आधी का नाही सांगितलासा?” त्या म्हणाल्या, “सांगून काय, कंपनी देणार होती काय?”

तम्मा अजून येतो. गाडी धुऊन झाली की तो आता रोज एक काम जादा करतो. चारी दारं ओढून बघतो, काचा बघतो, आत वाकून मागची सीट बघतो आणि दारातून ओरडतो, “सर, आत काही राहिलं नाही!” मी त्याला असं कर म्हणून कधी सांगितलेलं नाही. त्याचा तो आवाज आला की मला बरंही वाटतं आणि थोडी लाजही वाटते. आतून अव्वा त्याला उत्तर देतात, “कळलं, कळलं.” मराठीत.